पापुद्र्यांतली पागडी

चुन्याच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर वर कडक पापुद्रा धरतो. तंबाखू मळणारा तो नखाने बाजूला सारतो आणि खालचा मऊ चुना घेतो. सफेदी करणारा रंगारी चुना भिजत घातलेल्या पिंपात वर चार बोटे पाणी ठेवतो, तेही याच कारणासाठी. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला लागला की त्याची पुन्हा चुनखडी होते. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसची आच देऊन चुनखडीतून हाच वायू हाकललेला असतो. उरलेला कळीचा चुना पाणी घालून विरवतात, आणि मग हवा तो वायू पुन्हा आणून बसवते. जुन्या वाड्यांची चुन्यातली बांधकामे कडक झाली ती त्यामुळेच.

विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. स्फटिकशास्त्राच्या दृष्टीने तो एका मोठ्या खनिजकुळातला आहे. धातूचे अणू आणि हायड्रॉक्साइड यांचे पातळ थर एकावर एक रचले गेले की हे कुळ तयार होते. छातीतली जळजळ शमवणारी पातळ पांढरी औषधे या कुळातली, ॲल्युमिनियमचे मुख्य खनिज या कुळातले, आणि नॉर्वेत सापडलेला एक पांढरा, मऊ, फारसा कोणी न पाहिलेला दगडही याच कुळातला. या साऱ्यांच्या रचनेत शिरले की एक गोष्ट पुन:पुन्हा आडवी येते. या थरांचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुना झगडा आहे. कोण त्याला आत घेते, कोण त्याला दाद देत नाही आणि आत घेतल्यावर कोण सोडत नाही, यावर त्या खनिजाचे आयुष्य आणि उपयोग दोन्ही ठरतात.

हिशोब चोख जुळलेला थर

या कुळातली सर्वांत साधी रचना ब्रूसाइटची. न्यू जर्सीतल्या होबोकेन इथे सापडलेल्या या खनिजाचे वर्णन आर्चिबाल्ड ब्रूस या अमेरिकन डॉक्टरने १८१४ मध्ये केले. दहा वर्षांनी फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्यूदां यांनी त्याला ब्रूस यांचे नाव दिले. रासायनिकदृष्ट्या ते निव्वळ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड.

त्याच्या थरात मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूभोवती सहा हायड्रॉक्साइड असतात, तीन वर आणि तीन खाली. असे अष्टफलक एकमेकांच्या कडांना कडा भिडवून पसरत जातात आणि त्यांची चादर होते. चादरीतला प्रत्येक हायड्रॉक्साइड तीन मॅग्नेशियम अणूंमध्ये वाटलेला असतो. आता विद्युतभाराचा हिशोब मांडू. मॅग्नेशियमचा धनभार दोन. तो सहा जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला एकतृतीयांश येतो. हायड्रॉक्साइडला असे तीन वाटे मिळतात, म्हणजे पूर्ण एक, आणि त्याचा ऋणभारही एकच. देणेघेणे थरातच मिटले. त्यामुळे शेजारच्या थराशी घट्ट नाते जोडण्याचे कारण उरत नाही. एका थरापासून दुसरा सुमारे ०.४८ नॅनोमीटरवर, आणि दोघांना धरून ठेवणारी ओढ क्षीण. म्हणून ब्रूसाइट पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटते आणि त्यावर नखानेही जेमतेम ओरखडा उठतो. साधारण ३५० अंशांना तापवले की त्याच्या वजनाचा ३१ टक्के भाग वाफ होऊन निघून जातो. ही वाफ उष्णता सोबत नेते. म्हणून केबलच्या वेष्टनात आणि प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची भुकटी घालतात.

चुन्याची रचना अगदी अशीच, फक्त मॅग्नेशियमच्या जागी कॅल्शियम. निसर्गात तो खनिजरूपाने क्वचितच टिकतो, कारण हवा त्याला टिकू देत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या स्कॉट हिल इथल्या नमुन्यांवरून त्याला १९३३ मध्ये पोर्टलँडाइट हे नाव मिळाले. पोर्टलँड सिमेंट पाण्यात मुरल्यावर जे घट्ट होते, त्यात साधारण पाचवा हिस्सा हाच असतो. त्यामुळे दुर्मीळ म्हणून नोंदलेले हे खनिज आपल्या इमारतींच्या खांबांत मात्र भरभरून आहे.

ॲल्युमिनियमचा धनभार तीन. सहा जणांत वाटला की प्रत्येकाला अर्धा मिळतो. मग हायड्रॉक्साइडचा एक ऋणभार फेडायला दोनच धातूअणू पुरतात, तिसरा नको. म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या थरात दर तीन जागांपैकी एक रिकामी राहते आणि त्या रिकामपणाभोवती सहा ॲल्युमिनियमचे कडे पडते. हे गिब्साइट. त्याची अणुरचना १९३४ मध्ये उलगडली हेलन मेगॉ यांनी. डब्लिनला जन्मलेल्या मेगॉ केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल यांच्या हाताखाली काम करत होत्या. गिब्साइटमध्ये एका थराचे हायड्रॉक्साइड शेजारच्या थराच्या हायड्रॉक्साइडच्या थेट समोर येतात, ब्रूसाइटसारखे खाचांत बसत नाहीत. समोरासमोर येण्याचे कारण हायड्रोजन. एका थरातल्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन पलीकडच्या ऑक्सिजनकडे हात लांबवतो. बर्नाल आणि मेगॉ यांनी १९३५ मध्ये या बंधावर लिहिलेला निबंध हायड्रॉक्साइडांच्या अभ्यासात पायाभूत ठरला. स्फटिकांच्या नकाशातले सौंदर्य मेगॉंना कापडावर उतरलेले पाहायचे होते. त्यांच्या आग्रहातून १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये स्फटिकरचनांच्या नक्षीचे पडदे, वॉलपेपर आणि बशा तयार झाल्या.

गिब्साइट आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि कोकणच्या सड्यांवरचा जांभा हा मुसळधार पावसाने धुऊन निघालेला दगड. मूळ खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पावसाने वाहून नेले. मागे राहिले ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, त्यांच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडांच्या रूपात. जिथे लोखंड कमी आणि गिब्साइट जास्त, तिथे जांभ्याचे बॉक्साइट झाले. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीसारख्या खाणींतून ते निघाले आणि बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात गेले. उघड्या सड्यावर, हवापाण्यात, हे हायड्रॉक्साइड लाखो वर्षे टिकले, कारण ॲल्युमिनियमचे कार्बोनेट सर्वसाधारण परिस्थितीत तयारच होत नाही. हवेचा चुन्यावर जो हक्क चालतो तो गिब्साइटवर चालत नाही.

नॉर्वेतला दगड

आता प्रश्न असा, की मॅग्नेशियमच्या भरल्या थरात अधूनमधून ॲल्युमिनियम घुसला तर काय होईल? जागा रिकामी न ठेवता, मॅग्नेशियमला उठवून तिथेच बसला तर? प्रत्येक अशा घुसखोरीगणिक थरावर एक धनभार जास्तीचा चढेल. हिशोब बिघडेल आणि तो मिटवायला बाहेरून कोणी ऋणभारित आणावा लागेल.

निसर्गाने हे आधीच केले होते. नॉर्वेतल्या स्नारुम इथल्या एका पांढऱ्या, शंखजिऱ्यासारख्या गुळगुळीत खनिजाचे वर्णन होखस्टेटर यांनी १८४२ मध्ये केले. ते हायड्रोटाल्साइट. त्याच्या घटकांत मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, पाणी आणि कार्बोनेट निघाले. पण त्यातले कार्बोनेट खरोखर खनिजाचे की हवेने नंतर चिकटवलेले, यावर एकमत होईना. शंका रास्तच होती, कारण हायड्रॉक्साइडांना हवेची बाधा होते हे प्रत्येक रसायनज्ञाला ठाऊक होते. फ्लॉरेन्स विद्यापीठातले एर्नेस्टो मनासे यांनी १९१५ मध्ये ठामपणे मांडले, की कार्बोनेट हा रचनेचाच भाग आहे. त्यांनी दिलेले सूत्र आजही चालते: मॅग्नेशियमचे सहा, ॲल्युमिनियमचे दोन, हायड्रॉक्साइडचे सोळा, कार्बोनेट एक आणि पाण्याचे रेणू चार.

त्यांचे सगळ्यांनी ऐकले नाही. बर्नचे वाल्टर फाइटक्नेख्त यांनी प्रयोगशाळेत अशी कितीतरी संयुगे बनवली. १९४२ मध्ये त्यांनी कल्पना मांडली, की एक थर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा आणि एक ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा, असे दोन आलटूनपालटून रचले आहेत. ही कल्पना सुटसुटीत होती आणि चूक होती. निकाल लागला तो एकस्फटिकी क्ष-किरणांनी. या खनिजाचा लोहयुक्त भाऊबंद पायरोऑराइट चांगल्या स्फटिकांत मिळतो. जर्मनीत अलमान यांनी १९६८ मध्ये आणि ॲबरडीनमध्ये एच. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी १९६९ मध्ये दाखवले, की दोन्ही धातू एकाच थरात मिसळलेले आहेत, आणि कार्बोनेट व पाणी थरांच्या मधल्या पोकळीत आहेत. मनासे बरोबर होते. त्यांच्या सन्मानार्थ एका जुळ्या खनिजाला मनासाइट नाव दिलेले होते. २०१२ च्या फेरनामकरणात ते नाव गेले, कारण ते वेगळे खनिज नसून हायड्रोटाल्साइटच्याच थरांची निराळी रचणूक ठरली. सूत्र टिकले, नाव गेले.

मिसळण्यालाही मर्यादा आहे. दोन ॲल्युमिनियम अगदी शेजारी आले तर त्यांचे जादा भार एकमेकांना दूर लोटतात. म्हणून साधारणपणे दर दोन ते चार मॅग्नेशियममागे एक ॲल्युमिनियम, इतकेच जमते. मॅग्नेशियमच्या जागी निकेल, जस्त, तांबे, कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमच्या जागी लोखंड किंवा क्रोमियम चालते. टास्मानियातले जांभळट स्टिक्टाइट हे क्रोमियमचे रूप. या महागटात आज ४० हून अधिक खनिजे धरतात.

शेतकऱ्याला थरांचा उलटा प्रकार परिचयाचा आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट असते. त्याच्या थरांवर ऋणभार असतो, म्हणून ते कॅल्शियम, पोटॅशियम असे धनभारित आयन धरून ठेवते आणि पाणी पिऊन फुगते. निसर्गातल्या बहुतेक चिकणमाती याच जातीच्या. धनभारित थरांचे हायड्रोटाल्साइट त्यांच्यापुढे अल्पसंख्याक, पण ऋणभारित आयन धरायचे असतील तर त्याच्यावाचून फारसा पर्याय नाही.

जागा कोणाची

थरांमधल्या पोकळीत कार्बोनेट आडवा पडून असतो. त्याचा आकार सपाट त्रिकोणी, भार दोन. दोन्ही बाजूंच्या हायड्रॉक्साइडांशी तो हायड्रोजन बंधांनी इतका नीट जुळतो, की थरांमधले अंतर ०.७७ नॅनोमीटरवर येते. नायट्रेट असेल तर तेच अंतर ०.८९ च्या आसपास जाते. त्याचा भार एकच, पकड सैल, आणि दुसरा आयन आला की तो जागा सोडतो. क्लोराइडची पकड नायट्रेटपेक्षा बरी, सल्फेटची त्याहून, आणि सर्वांवर कार्बोनेट. मुंबईतल्या पागडीच्या खोलीतला जुना भाडेकरू जसा हलत नाही, तसा तो एकदा शिरला की हलत नाही. नवा कोणी आत येऊ पाहत असेल तर त्याने आधी या जुन्याशी मिटवून घ्यावे.

यामुळे या विषयातल्या प्रयोगशाळांची शिस्त कडक असते. नायट्रेटचे किंवा औषधी रेणूचे हायड्रोटाल्साइट बनवायचे तर पाणी आधी उकळून त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घालवायचा, कॉस्टिक सोडा ताजा घ्यायचा आणि सारे काम नायट्रोजनच्या आवरणाखाली करायचे. जरा ढिलाई झाली, की क्ष-किरणांच्या आलेखात ०.७७ चे शिखर उभे राहते आणि मेहनत वाया जाते. जुन्या भाडेकरूला बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला सौम्य: जपानमध्ये नोबुओ इयी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की सौम्य आम्ल आणि भरपूर मीठ एकत्र वापरले तर थर न विरघळता कार्बोनेट निघून क्लोराइड बसतो. दुसरा आगीचा: ४५० ते ५०० अंशांना तापवले की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात, थर मोडतात आणि मिश्र ऑक्साइडची भुकटी उरते. ही भुकटी पाण्यात टाकली की ती पाणी ओढून पुन्हा थर उभारते आणि भोवती जे ऋणभारित आयन सापडतील ते आत घेते. आपली मोडलेली रचना परत मिळवण्याची ही क्षमता फार थोड्या पदार्थांत आहे.

भारतात या थरांच्या रचणुकीतल्या चुका आणि त्यांचे क्ष-किरणांवरचे परिणाम यांवर बंगळुरू विद्यापीठातल्या पी. विष्णू कामथ यांच्या गटाने दीर्घकाळ काम केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हायड्रोटाल्साइटपासून बनवलेल्या उत्प्रेरकांवर संशोधन झाले.

पोटात आणि पाइपात

औषधाच्या दुकानातल्या ॲसिडिटीच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचली तर या कुळाची वंशावळ सापडते. चार्ल्स फिलिप्स यांनी अमेरिकेत १८७३ मध्ये पेटंट घेतलेले ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ म्हणजे पाण्यात तरंगते ब्रूसाइट. त्याने जळजळ थांबते, पण जुलाब होतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने उलट बद्धकोष्ठ होते. म्हणून पुष्कळ औषधांत दोन्ही मिसळतात. आपल्याकडे अनेक बाटल्यांवर दिसणारे मॅगलड्रेट त्याच्या पुढचे पाऊल आहे. दोन्ही धातू एकाच थरात आणि मध्ये सल्फेट. जठरातल्या आम्लात थर कडांकडून हळूहळू विरघळतो, त्यामुळे आम्ल एकदम न उतरता टप्प्याटप्प्याने उतरते. हायड्रोटाल्साइटचे औद्योगिक उत्पादनही प्रथम १९६६ मध्ये जपानच्या क्योवा केमिकल कंपनीने सुरू केले.

पीव्हीसीला लागणारा गुण तोच, फक्त आम्ल निराळे. साच्यात तापताना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि सुटलेले आम्ल आणखी विघटन घडवते. प्लॅस्टिक पिवळे, मग काळे पडते. पूर्वी हे रोखायला शिशाची संयुगे घालत. पाण्याच्या पाइपात शिसे नको म्हणून केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. त्याच्या जागी येणाऱ्या कॅल्शियम-जस्ताच्या मिश्रणांत हायड्रोटाल्साइटला मान आहे. ते सुटलेले आम्ल टिपून घेते आणि क्लोराइडला थरांमध्ये डांबते.

क्लोराइड डांबण्याचे हेच काम समुद्राकाठच्या काँक्रीटमध्येही चालते. पायरोऑराइटची रचना उलगडणारे टेलर सिमेंट रसायनाचेही मोठे अधिकारी होते यात आश्चर्य नाही. मुरलेल्या सिमेंटमध्ये कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे असेच धनभारित थर असतात. खाऱ्या हवेतून शिरलेला क्लोराइड त्यांत अडकतो आणि फ्रीडेलचे लवण तयार होते. अडकलेला क्लोराइड सळईपर्यंत पोचत नाही, तोवर सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेला की हे लवण मोडते आणि बंदिस्त क्लोराइड मोकळा सुटतो. मुंबईसारख्या शहरात काँक्रीटवर खारा वारा आणि कार्बन डायऑक्साइड यांचा मारा एकत्र होतो. दोघे मिळून जे नुकसान करतात ते एकेकट्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते.

विहिरीचे पाणी, तंबाखूचे पान

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात किडल्यासारखे डागाळतात, पुढे हाडे आखडतात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात तुरटी आणि चुना घालतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होऊन फ्लोराइडला घेऊन तळाशी बसतात. भाजलेल्या हायड्रोटाल्साइटची फ्लोराइड ओढण्याची क्षमता प्रयोगशाळेत डोळे दिपवणारी आहे. तरी ते गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत दिसत नाही, आणि त्यामागचे एक मोठे कारण पुन्हा तोच जुना भाडेकरू. फ्लोराइडयुक्त भूजलात बायकार्बोनेट बहुधा भरपूर असतो. त्याच्यापासून होणारा कार्बोनेट आधी जागा अडवतो आणि फ्लोराइडला उरलेल्यात भागवावे लागते. शुद्ध पाण्यात फ्लोराइड विरघळवून काढलेले आकडे विहिरीला लागू पडत नाहीत.

जिथे कार्बोनेटची ही घुसखोरीच उपयोगी पडली, असे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने विषाणूविरोधी दुहेरी पदराचा आरएनए मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या थरांवर बसवला आणि तंबाखूच्या पानांवर फवारला. नुसता आरएनए काही दिवसांत नाहीसा होतो. थरांवर बसवलेल्या आरएनएने पानांना २० दिवस विषाणूपासून वाचवले. २०१७ मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पानावरचा ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून सौम्य आम्ल होते, थर हळूहळू विरघळतात आणि माल थोडाथोडा सुटतो. मागे उरतात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमचे क्षार. इथे झगडा टाळला नाही, त्याचे वेळापत्रक वापरून घेतले.

ढिगाऱ्याचा जमाखर्च

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट कीथ या निकेलच्या खाणीत हा झगडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर मोजला गेला आहे. तिथला खडक सर्पेंटिनाइट, म्हणजे मुख्यतः सर्पेंटाइन या खनिजाचा, त्यात थोडे ब्रूसाइट. हायड्रोटाल्साइटच्या कुळातले वुडॉलाइट हे खनिज इथूनच नोंदले गेले. त्याच्या थरांमध्ये क्लोराइड आहे. निकेल काढून घेतल्यावर दळलेल्या खडकाचा चिखल विस्तीर्ण आवारात पसरतात. सिओभान विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार हा चिखल कोणी काही न करता वर्षाला सुमारे ४० हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेतून शोषत होता. खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या तुलनेत हे सुमारे ११ टक्के. सर्पेंटाइनपेक्षा ब्रूसाइट हवेशी कितीतरी वेगाने जुळते. प्रमाणाने थोडे असूनही कामाचा मोठा वाटा तेच उचलते.

त्यामुळे चिखल पसरण्याची पद्धत बदलून, ओल राखून, हवा आतवर खेळवून ही गती वाढवता येईल का, याचा विचार सुरू झाला. हिशोबाला मात्र एक कडक अट आहे. ब्रूसाइट कारखान्यात बनवून हवा शुद्ध करता येणार नाही. मॅग्नेशियमचे स्वस्त खनिज मॅग्नेसाइट हे स्वतःच कार्बोनेट आहे. ते भाजताना जेवढा वायू सुटतो तेवढाच फार तर परत घेता येतो, आणि भट्टीचे इंधन वर. चुन्याचेही तेच. फायदा फक्त त्या थरांत आहे जे पृथ्वीने स्वतः, कार्बोनेटाशिवाय, घडवून ठेवले आणि खाणीने दुसऱ्याच कारणासाठी दळून उघड्यावर टाकले.

निकेलचे भाव पडल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्या भागातले उत्पादन तात्पुरते थांबले. ज्या ढिगाऱ्याला ताज्या चिखलाचा पुरवठा आहे तोच वेगाने शोषतो. वरचा थर कार्बोनेटाने भरला की खालच्या ब्रूसाइटला हवा मिळत नाही आणि ढीग मंदावतो. म्हणजे हवा साफ ठेवायची तर खाण चालायला हवी, आणि खाण चालली की तिचे ट्रक, गिरण्या, वीज हवेत नऊपट ओततात. या अकरा टक्क्यांचे तीस-चाळीस झाले तरी मोठी मजल होईल. शंभर होतील असे मात्र कोणी धरून चालू नये. उरलेले उत्सर्जन मुळातच कमी करावे लागेल, कारण थरांमधली जागा मोजकीच आहे.